आठ प्लगांची खंडेनवमी

एडमंटनमध्ये मी एक जुनी, आठ सिलिंडरांची, दोन दारांची अमेरिकन गाडी विकत घेतली तेव्हा नवरा हसला आणि सासरे गप्प झाले. सासरे गप्प झाले म्हणजे प्रकरण गंभीर. ते नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. "मागच्या सीटवर जायला सर्कस करावी लागते, ही काय घरंदाज माणसांची गाडी आहे?" एवढं एकदा बोलले आणि उन्हाळाभर तिच्यात बसले नाहीत. ग्रोसरी असो की देऊळ, बाबा आपले नवऱ्याच्या व्हॅनमध्ये. माझ्याही नाकावर राग. ते नको म्हणाले की मी मुद्दाम एकटीच चक्कर मारून यायचे. पण त्यांनी एकदा तरी शेजारी बसावं असं मला फार वाटायचं.

मग खंडेनवमी आली. संध्याकाळी ऑफिसातून येते तर गॅरेजमध्ये उदबत्तीचा वास, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ. बाबा म्हणाले, "यंत्र आहे नं शेवटी. पूजा तर कराच लागते." आणि जाता जाता, "उद्या सोनं द्यायला हिच्यातूनच जाऊ." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी नवऱ्याशी भांडायचंच राहिलं. पुढच्या आठवड्यात बाबांचं परतीचं विमान होतं, आणि बर्फ पडला की गाडी थेट वसंतापर्यंत ताडपत्रीखाली जाणार होती. उद्याची एकच संधी होती.

मराठी मंडळाच्या दसऱ्याला नवरा श्रीखंड घेऊन व्हॅनने पुढे गेला. बाबा कडक इस्त्रीच्या कुडत्यावर जाडं जॅकेट चढवून माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली तर ती थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. रस्त्यावर आल्यावर पाय दाबला, पण वेग काही येईना. कोपऱ्यावर मागच्या नळीतून 'फाट्' असा बार उडाला आणि गल्लीतली सगळी कुत्री भुंकू लागली. कशीबशी, रडतखडत घरी वळवली.

बाबा उतरले. "दसऱ्याच्या दिवशी वाहन अडलं म्हणजे देवाच्या मनात नाही. राहू दे सूनबाई. टॅक्सी बोलाव."

"बोलावते. थोडा वेळ द्या मला," मी म्हणाले, आणि रेशमी साडीवरच ओव्हरऑल चढवला.

ज्यांनी मला ही गाडी विकली ते शेजारचे आजोबा बार ऐकून हातात कॉफी घेऊनच आले. आम्ही दोघं घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला लागलो. आधी पेट्रोल पाहिलं. फिल्टर स्वच्छ होता. कार्ब्युरेटरमध्ये डोकावून पाहिलं, तिथे पेट्रोलची धार नीट पडत होती. एखादी नळी फाटून हवा शिरतेय का, तेही कान लावून ऐकलं. "फ्युएल इज फाइन. चेक युअर स्पार्क," आजोबा म्हणाले. मग इंजिन चालू ठेवून मी रबरी हातमोज्यांनी ठिणगी पाडणाऱ्या प्लगांची एकेक वायर उपसून पाहिली. वायर काढली की इंजिन अडखळायला हवं. सहा वायरींना अडखळलं, शेजारशेजारच्या दोघींना मात्र काहीच फरक पडेना.

इंजिन बंद करून त्या दोन प्लगांवर टॉर्च मारला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर कुंकवाचं बोट होतं. बाकीचे पाहिले, तर आठही प्लगांना कुंकू! वायर काढल्याशिवाय तिथे बोट पोचत नाही. आणि कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी मिळायची याचा क्रम ठरलेला असतो. दोन वायरी एकमेकींच्या जागी बसल्या होत्या, आणि भलत्याच वेळी ठिणगी पडून गाडी बार उडवत होती. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

मी वळले. उन्हाळाभर साठवलेली सगळी वाक्यं जिभेवर आली होती. बाबा स्वतःच्या बोटांकडे बघत उभे होते.

"काल मीच सगळ्या वायरी काढून पुसल्या," ते म्हणाले. "वरवरची पूजा करत नाही मी." मग बोटं जॅकेटला पुसत, "चुकलं का माझं काही?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. माझा राग गेला कुठे ते कळलंही नाही.

"दोन वायरींची अदलाबदल झाली, बाबा. बाकी काही नाही."

"मग सरक. मीच लावतो."

त्यांनी लावल्या. मी किल्ली फिरवली आणि गाडी अशी घुमली की आजोबांनी कॉफी सांडून टाळ्या वाजवल्या.

नदीकडच्या मोठ्या रस्त्यावर मी पाय दाबला तसे बाबा सीटला चिकटले आणि मोठ्यांदा हसले. "अजून दाब नं! काहून भितेस?" त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे लाल सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी आरशाची झेंडूची माळ सरळ केली.

"पुढच्या खंडेनवमीला मी इथे नसीन," ते म्हणाले. "आठही प्लगांना कुंकू लावशील नं?"

"लावीन."

"पण वायरी एकेक काढ. एक पुसून लावली की मगच दुसरी."

सिग्नल हिरवा झाला, पण मला समोरचं नीट दिसेना. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"वाजवू दे त्याला," बाबा म्हणाले.