पाठ फिरवून सूर लावणारे मामा

सूर लावायची वेळ आली की मामा आपल्याकडे पाठ फिरवायचे. तोवर पेटी उघडून, भाता मांडीवर घेऊन, चहा पीत गावच्या गप्पा हाणणारा माणूस एकदम भिंतीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "आता जरा रस्त्याकडं बगा." मग चौसाळ्याच्या हायवेवरून जाणारे ट्रक बघत बसण्याखेरीज आपल्याला दुसरा उद्योग नसायचा.

मी तिथल्याच शाळेत संगीत शिकवतो. शाळेची पेटी काखोटीला मारून किती वेळा मामांच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढलो असेन. पण पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळी रीडा मामा कशा खरवडतात, हे काही मला दिसलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं. "उस्तादाला जबान दिलीया, मास्तर."

हे उस्ताद बीडचे. त्यांनी मामांना जात न विचारता पदरी घेतलं, घरात जेवू घातलं, कारागीर केलं. बदल्यात एकच वचन घेतलं, की सूर लावायची विद्या परक्याला दाखवायची नाही. मामांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे ती विद्या मामांबरोबर संपणार, हे उघडच होतं. एरवी हा माणूस दिलदार. जयंतीला गायन पार्टीत पेटीवर बसला की गाणारे दमायचे, याचे हात दमायचे नाहीत. पण या एका बाबतीत पक्का चिक्कू. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी मॉरिशसला नोकरीला आहे. एकदा फोनवर तो सांगत होता, की तिथल्या एका शाळेत मुलं मराठी गाणी शिकतात, पण इकडून नेलेल्या पेट्या समुद्राच्या दमट हवेने मुक्या होऊन कपाटात पडल्यात. दुरुस्त करणारं कुणी मिळेना. पेट्या सुरू झाल्या नाहीत तर गाण्याचा वर्गच बंद होणार होता. मी आपलं सहज मामांच्या कानावर घातलं. जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय होईल, मजुरी मात्र मिळणार नाही, हेही सांगितलं.

"मजुरी कशापायी?" मामा म्हणाले. "पोरांच्या पेट्या हायत त्या."

अख्ख्या चौसाळ्याला विषय मिळाला. "मामा, इमानाच्या खिडकीतून हात भाईर काढू नका," असं कुणीतरी म्हणालं. मामा "गप बे" म्हणाले आणि हत्यारं धोतराच्या फडक्यात बांधायला लागले.

मॉरिशसला त्यांनी काम केलं ते आपल्या पद्धतीने. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फटी पडतात, हवा गळते. म्हणून आपला कारागीर सगळं गच्च बसवतो. मामांनी तिथल्या झाडून सगळ्या पेट्या अशाच गच्च केल्या. पेट्या वाजू लागल्या, मुलं खूश झाली. मग चार दिवस पाऊस लागून राहिला आणि लाकूड फुगलं. पट्टी दाबली की वर येईना. एकदा धरलेला सूर भात्यातली हवा संपेपर्यंत रडत राहायचा.

मामांनी मला व्हिडिओ कॉल केला. चेहरा उतरलेला. "मास्तर, माजी चूक झाली. मी चौसाळ्याचं लाकूड समजून बसलतो."

"मग परत सैल करा की."

"ते करतो. पण ही हवा रीडा खाती. मी गेलो की पेट्या पुन्यांदा बेसूर व्हत्यात. वर्ग बंद पडतो. मग मी आलतो कशाला?"

मला त्यांचा रोख कळला. मी म्हटलं, "आणि उस्तादांची जबान?" फोन बंद झाला.

पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलांना समोर बसवलं. मनातल्या मनात उस्तादांची माफी मागितली. आणि तोंड मुलांकडे ठेवून रीड हातात घेतली.

"टोकाला खरवडलं की सूर चढतो, बुडाला खरवडलं की उतरतो," मामा मला म्हणाले. "बास. येवढंच झाकून ठिवलं व्हतं मी जल्मभर. बाकीचं कानाचं काम. ते मुलांपाशी व्हतंच."

प्रत्येक मुलाने आपापली पेटी स्वतः उघडली, सैल केली, सुरात आणली. काही रीडा मोडल्या. मामा कुणाला रागावले नाहीत.

खरं सांगतो, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. लोक दान करतात ते आपल्याकडे जास्तीचं असतं ते. या माणसाने आयुष्यभर सांभाळलेला शब्दच परक्या मुलांपुढे मोडून ठेवला. माझ्या ओळखीत एवढा मोठा माणूस दुसरा नाही.

आल्यावर मामा आधी बीडला गेले. उस्तादांच्या कबरीवर चादर घातली. तिथे काय बोललात, असं विचारलं तर म्हणाले, "ते आमचं आमी बगून घेतलं." मग दुकानातली बैठक रस्त्याकडे तोंड करून मांडली. "आता या आन् शिका," असं येईल त्याला म्हणायचे. लोक यायचे, चहा घ्यायचे, बघायचे आणि जायचे. घरोघरी कीबोर्ड आलेले. शिकायला म्हणून कुणी बसलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मध्यंतरी शाळेच्या पेटीचा एक सूर उतरला. बीडपर्यंत चौकशी केली, कुणी सापडेना. शेवटी मॉरिशसच्या त्या शाळेत व्हिडिओ कॉल लावला. मामांकडे शिकलेली एक मुलगी समोर आली. पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत होती.

"घाबरू नका, सर. टोकाला खरवडा. अगदी हलक्या हाताने. पुरे. आता वाजवा."

सूर जागेवर आला. मी घाम पुसला.

"आमचे गुरुजी तर तुमच्या गावचे," ती म्हणाली. "तिकडे कोणीच शिकलं नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मला पुन्हा पट्ट्या वाजवायला लावल्या. मग म्हणाली, "सर, शेजारचा सूरही उतरला आहे. तोही चढवा."

मला तो ऐकू आला नव्हता. मी चढवला.