अण्णांच्या पत्त्यावरून

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी अण्णा दारात आले नाहीत. आईनं हातावर दही ठेवलं, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि ते, माझे वडील, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून माझा ई-मेल पत्ता एका बोटानं टाइप करत होते. मला जवळ बोलावून त्यांनी तो दोनदा तपासून घेतला. मग एवढंच म्हणाले, "पोचली की मेल कर, माय. फोनवर बोलल्यालं राहत नाय."

अण्णांचं लहानपण देवगाव रंगारीच्या शिवारात मेंढरांमागं गेलं. पुढं ते वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले आणि तिथंच जवळच्या वसाहतीत आमचं घर झालं. रिटायर होताना त्यांनी ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. कळफलकावर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावल्या. त्या कॉम्प्युटरवर मेलचा एक प्रोग्राम होता. नेट जोडलं की पत्रं खाली उतरायची, मशिनमध्ये साठायची, आणि सर्व्हरवरची प्रत आपोआप पुसली जायची. म्हणजे ती पत्रं जगात फक्त आमच्या बाहेरच्या खोलीत असायची.

मला ते बघवायचं नाही. ब्राउझरमधून मेल बघा, म्हणजे मशीन बिघडलं तरी काही हरवणार नाही, फोनवरही दिसेल, असं मी श्टुटगार्टहून दर रविवारी सांगायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि त्यांचं ठरलेलं उत्तर द्यायचे. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत त्याच्या रानात राहतं, म्हणायचे. आपली पत्रं आपल्या घरात बरी.

मला त्यांचे मेल यायचे ते सगळे मजेतले. पाणी वेळेवर येतं, आईचा गुडघा बरा आहे, काळजी करू नको. मीही तसंच लिहायचे. इकडच्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि आठवडाभर मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नाही, हे मी त्यांना कधी कळवलं नाही.

मागच्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंत थांबले आणि परत आले. निघताना मी आईला बरोबर चल म्हणाले, ती नाही म्हणाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऑफिसला जाताना ट्राममध्ये, अण्णांचा मेल आला.

त्यांचं नाव, त्यांचा पत्ता, तारीख त्याच दिवसाची. आत लिहिलं होतं: "घरात आता आवाजच होत नाही. तुझी आई आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. दोघंही गप."

माझा स्टॉप मागं गेला तरी मी उठले नाही. आठवड्यानं दुसरा आला. "तू आलीस आणि गेलीस. घर माणसांनी भरलं होतं, धड बोलणं झालंच नाही." मी शेवटची घरी गेले होते ती त्यांच्या तेराव्याला.

कुणीतरी पासवर्ड चोरला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण चोर माझ्या बापासारखं कसं लिहील? त्यांची प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडायची सवयसुद्धा तशीच होती. आईला फोन केला. ती म्हणाली कॉम्प्युटर बंद आहे, वर कपडा टाकलाय, कुणी हात लावत नाही. मग मी माझ्या चुलतभावाला, ज्ञानेश्वरला, बघायला पाठवलं. तो जवळच राहतो. त्यानं तिथूनच फोन लावला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "ताई, कपडा हाय वर. पण कॉम्प्युटरचा डबा कोमट लागतोय." मागं आईचा आवाज येत होता. कुणी लावला नाही म्हणून सांग तिला, असं ती म्हणत होती.

तिसरा मेल एका ओळीचा होता. "अजून किती दिवस तिकडं?" तो वाचला आणि मी तिकीट काढलं.

घरी दोन दिवस काहीच घडलं नाही. कॉम्प्युटर कपड्याखाली गप्प होता. मी त्याच्याकडं पाठ करून बसू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी बाजारात जाते म्हणून निघाले आणि पिशवी राहिली म्हणून परतले. दार लोटलेलं होतं. आतून टकटक येत होती. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. अण्णांचीच, एका बोटाची. दार ढकलायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

खुर्चीत आई होती. डोक्यावरून पदर घेऊन, पोथीपुढं बसावं तशी.

ती दचकली नाही. हळूहळू सगळं सांगितलं. अण्णांनी खूप पत्रं लिहून ड्राफ्टमध्येच ठेवली होती. पाठवायची ती मजेतली, ठेवायची ती खरी. धाडायचं कसं ते तिला त्यांनीच कधीतरी दाखवलं होतं. घर माणसांनी भरल्याचं ते पत्र ज्ञानेश्वरच्या लग्नानंतरचं होतं. आठवड्याला एक पत्र ती धाडत होती, वर विषयाच्या जागी 'खुशाली' असं एका बोटानं लिहून.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मी धाडते म्हनलं असतं, तर तुला माझी वाटली असती," आई म्हणाली. "ती त्यांची वाटायला पायजेत."

मला आधी राग आला, मग रडू आलं. संध्याकाळी ज्ञानेश्वर आला. म्हणाला, ताई, तासाभरात सगळं वेबमेलवर चढवू, मशीन आज हाय उद्या नाय. तो म्हणत होता ते मी स्वतः दहा वर्षं म्हणत होते. मी लॅपटॉप उघडून खातं तयारही केलं. आईनं एवढंच विचारलं, "तू सगळी एका दिवसात वाचशील. मग?"

ड्राफ्टमध्ये अजून अकरा पत्रं होती. मी एकही न उघडता लॅपटॉप मिटला.

परत आल्यावर दर आठवड्याला एक पत्र येत राहिलं. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, अण्णांनाच. चार वाजताचा अंधारसुद्धा कळवला. पत्रं मोजत होतेच. अकरावं आलं त्या आठवड्यात मी मेल बंद करताना हात जोडले.

पुढच्या आठवड्यात बारावं आलं.

शुद्धलेखन बिघडलं होतं. अण्णा 'इथं' लिहायचे, यात 'हितं' होतं. एक ओळ मोकळी सोडायची पद्धत मात्र त्यांची. खाली नाव अण्णांचं. मी कळफलकावरून फिरणारं ते बोट ओळखलं आणि तरीही वाचताना आवाज त्यांचाच ऐकू येत होता.

आपल्यापैकी जे बाहेर पडले ते म्हणतात घर मागं राहिलं, आणि जे मागं राहिले ते म्हणतात घर रिकामं झालं. माझं घर आता एका पत्त्यावर आहे. तिथं कुणी नाही हे मला ठाऊक आहे, आणि तिथून उत्तर येतं.

गेल्या आठवड्यात मी लिहिलं, "अण्णा, आई कशी आहे?"

दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये उत्तर आलं: "बरी हाये. लई बोलत नाई. पन तुजं पत्र आलं की दिवसभर घरात कुनीतरी हाये असं तिला वाटतं."