रेमेईचं बूच आणि बाहेरचं कडं

रेमेईच्या छातीतलं औषधाचं बूच मी उलटं केलं, आणि तेही प्रेमाने.

आमच्या गावात माणसांचे मनोरे रचतात. वर थरावर थर, आणि खाली पाया म्हणून शे-दीडशे माणसं गोल कड्यांनी एकमेकांत घुसून उभी. पायातल्या माणसाने हात वर करायचे, छाती पुढच्याच्या पाठीला लावायची आणि दाबायचं. खालचे जितके घट्ट, तितके वरचे निर्धास्त. चालायला लागल्यापासून हेच शिकलेलो असल्यामुळे माया करणं म्हणजे मागून दाबणं, अशी आमची सगळ्यांची प्रामाणिक समजूत आहे.

अगदी आतल्या कड्यात रेमेई उभी राहायची आणि तिच्या मागे मी. आतड्याचं दुखणं निघालं तशी ती सरावाला यायची थांबली. मग एका शुक्रवारी सरावाच्या गोदामात नुसती बघायला म्हणून आली. मी ओरडलो, "अरे, आली! जागा द्या तिला!" तिला तोंड उघडू न देता ओढली, जुन्या जागी लावली आणि मनापासून दाबलं. तिचं पोट फाडलंय एवढं मला ठाऊक होतं, म्हणून पोटाची काळजी घेतली. उजव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, बाटलीच्या बुचाएवढी एक डबी बसवली आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर तिला पोर्ट म्हणतात. तिच्यातून एक बारीक नळी आत मोठ्या शिरेत जाते, आणि दर पंधरवड्याला डबीत सुई खुपसून औषध सोडतात.

पुढच्या खेपेला नर्सने सुई टोचली आणि 'टक्' असा आवाज आला. सुई धातूवर आपटली होती. फोटो काढला तर डबी कातडीखाली पालथी पडलेली.

"ओलेगे," रेमेई मला बाजारात सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टरांनी टाके घालून बसवलेली वस्तू तू उभ्या उभ्या पालथी केलीस. तुला हॉस्पिटलात नोकरी का देत नाहीत रे?"

मी मान खाली घालून कॉड मासा विकत घेतला. नको होता, तरी घेतला.

रेमेईचा बाजारात खारवलेल्या कॉडचा ठेला आहे. मासा रात्रभर पाण्यात घालून त्याचा खारटपणा उतरवायचा, हा तिचा धंदा. माणसांचा खारटपणा मात्र ती वाढवते. प्रत्येक गिऱ्हाइकाला 'राणी' म्हणते, पोलीस हवालदारालाही. बूच उलटल्याचं कळल्यावर बायका चौकशीला यायला लागल्या, तेव्हा तिने सदऱ्याचं वरचं बटण सोडून ठेवलं. "बघ राणी, फुकट बघ. हात लावलास तर पाव किलो घ्यावं लागेल."

त्या बुचाने तिचं जगणं बारीकसारीक ठिकाणी अडवलं होतं. गाडीचा पट्टा बरोब्बर त्यावरून जायचा, म्हणून ती मध्ये भांडी घासायचा नवा स्पंज ठेवायची. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. माशाच्या पेट्या उचलायच्या नाहीत. पिशवी डाव्या खांद्याला. थोडा ताप आला की लगेच हॉस्पिटल, कारण बुचात जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. ती हे सगळं पाळायची आणि पाळताना शिव्या द्यायची.

डॉक्टरांनी डबी पुन्हा सुलटी करून पक्की शिवली आणि बजावलं, परत उलटली किंवा पिकली तर काढावी लागेल. मग औषधाचे उरलेले फेरे रखडणार. हातावरच्या शिरा तर केव्हाच संपल्या होत्या. रेमेईच्या भाषेत, "वाळलेल्या कॉडच्या शेपटीत सुई घालून बघा, तसं."

आणि ऑगस्टअखेर गावची जत्रा. वीसेक वर्षांत तिने एकही चुकवली नव्हती.

ती आमच्या पथकाच्या म्होरक्याकडे, किर्झेकडे गेली. किर्झे धंद्याने नळ दुरुस्त करतो आणि स्वभावाने आम्हाला. तो म्हणाला, "पायात तू नाही. नगरपालिकेच्या गच्चीत खुर्ची टाकतो तुला."

"गच्चीत महापौर बसतो. मी काय गुन्हा केलाय?"

"रेमेई, तुझ्या बुचाला काही झालं तर?"

"तर तू नळवाला आहेस की!"

किर्झे हसला नाही. ती घरी गेली आणि दोन दिवस ठेला उघडला नाही. ऑपरेशनचे दिवस सोडले तर तिच्या आजारपणातही तो इतका कधी बंद नव्हता.

प्रायश्चित्त म्हणून मी तिला गाडीतून हॉस्पिटलात न्यायला लागलो होतो. त्यानंतरच्या खेपेला बुचाने नवीन खोडी काढली. पाणी आत घ्यायचं, पण रक्त बाहेर द्यायचं नाही; आणि रक्त आल्याशिवाय औषध सोडत नाहीत.

"घेतंय, देत नाही," नर्स ग्रिसेल्दा म्हणाली.

"माझ्या मेव्हण्यासारखं," रेमेई म्हणाली.

"नळीचं टोक शिरेला चिकटलं असेल. मान वळव. खोक. आता दोन्ही हात वर कर बघू."

रेमेईने हात वर केले. साधे नाही, कोपर घट्ट, बोटं ताठ, हनुवटी छातीशी. पायात उभी राहायची तशी. सिरिंजमध्ये लालभडक रक्त सरसरत आलं.

"वा," ग्रिसेल्दा म्हणाली, "हे कुठे शिकलीस?"

रेमेईने हात खाली घेतलेच नाहीत. "म्हणजे हात वर करायला मला बंदी नाही?"

"हात वर कर, नाच. वजन नको, छातीवर दाब नको, धक्का नको. आणि हे बघ." ग्रिसेल्दाने तिचं बोट धरून कातडीवर ठेवलं. "तीन बारीक उंचवटे लागतात? ते वर लागले की डबी सुलटी."

परतताना रेमेई गाडीत एकदम म्हणाली, "सगळ्यात बाहेरचं कडं. हात लांब करून पुढच्याच्या पाठीला टेकवायचे. छाती लागतच नाही."

"तिथे तर आपण वाटेवरच्या पाहुण्यांना उभं करतो."

"मग मी पाहुणी. अडचण मागची आहे. मनोरा डुगडुगला की बघणारे धावत येऊन मागून चिकटतात." तिने माझ्याकडे पाहिलं. "तू माझ्यामागे, माझ्याकडे पाठ करून उभं राहायचंस, आणि दाबायचं नाहीस. कुणाला दाबूही द्यायचं नाहीस. जमेल?"

किर्झेला हे पटवायला संध्याकाळ गेली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "पायात एक माणूस न दाबण्यासाठी ठेवायचा! माझे आजोबा थडग्यातून उठतील."

"उठू देत. त्यांना बाहेरच्या कड्यात जागा आहे," रेमेई म्हणाली.

जत्रेच्या दुपारी चौक फुलला होता. आम्ही सगळे अंजिरी सदऱ्यात. रेमेईने कमरेला काळा शेला घट्ट गुंडाळून घेतला आणि बाहेरच्या कड्यात दोन जर्मन पाहुण्यांच्या मधोमध उभी राहिली. त्यांची कोपरं ओढून सरळही केली. सनया सुरू झाल्या. पाचवा थर चढला, सहावा चढला, आणि पाया थरथरला. किर्झे आतून ओरडला, "दाबा! सगळे दाबा!"

माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू मागे वळायला निघाला. तेवढ्यात समोरून खाटीक फेरिओल धावत आला. शंभर किलोचा माणूस, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात पुढे. मी हात पसरून त्याला अडवलं.

"बाजूला हो, ओलेगे! पडतोय!"

"इथून नाही. तिकडून दाब!"

"अरे गद्दारा!"

"ढकल की रे!" चौकातून लोक ओरडायला लागले. फेरिओलने मला छातीने ढकललं. मी टाचा रोवल्या. माझी पाठ आणि रेमेईची पाठ यांच्यात हातभर अंतर होतं. ते तसंच राहिलं. शिव्या देत फेरिओल चार माणसं पलीकडे जाऊन चिकटला, आणि त्याच्या वजनाने की नशिबाने, पाया थांबला. टोकावर चढलेल्या पोरीने हात उंचावला, म्हणजे मनोरा पुरा झाला. मग थर एकेक करून, कुणी न पडता, खाली उतरले.

मी वळलो. रेमेईच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलेलं, बोट कातडीवर, डोळे मिटलेले.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. वर आहेत."

तेवढ्यात फेरिओल मला जाब विचारायला आला. रेमेईने त्याला सदऱ्याखालचं बूच दाखवलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच हळूच ठेवला.

चौकाच्या कोपऱ्यावर मी टोमॅटो चोळलेला पाव आणि त्यात भाजलेला बुतिफारा सॉसेज घेतला. पहिला घास घेणार, तोच रेमेईने तो हातातून काढून घेतला. औषधामुळे कित्येक महिने तिला सगळ्याला खिळ्याची चव लागत होती. माझ्यासमोर तिने धड काही खाल्लं नव्हतं. आता तिने अर्धा खाल्ला, थांबली, चवीचा अंदाज घेतला आणि उरलेलाही खाल्ला.

"मनोऱ्याच्या दिवशी खिशात काही ठेवत नाहीत," बोटं चाटत ती म्हणाली. "तुझा एक पाव माझ्याकडे लागला. उद्या देते."

औषधाचे फेरे ठरल्या तारखांना पार पडले, बूच अजून जागेवर आहे, अजून ते लहरीनुसार रक्त देतं. मी दर शनिवारी ठेल्यावर जातो आणि पावाचा विषय काढतो.

"उद्या, राणी," ती मला म्हणते.