बोटीवरचे मालक आणि तोडलेली बाग

ते प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं. मी तेव्हा इंदापूर तालुक्यात एका पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. पुढे लवकरच स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता सालगड्यांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो.

वरकुट्याकडचा एक सालगडी सकाळीच ठाण्यात आला. मालकाची डाळिंबाची बाग, सगळी तयार फळं, कुणीतरी तोडून नेली होती. मालक, गावाचे तात्या, सहकुटुंब सिंगापूरला गेलेले, तिथून एका अवाढव्य पर्यटन जहाजावर. गड्यानं फोन लावला होता, लागला नाही. आम्ही पंचनामा केला. दुपारी जहाजाच्या वायफायवरून तात्यांचाच व्हिडिओ कॉल आला; भावाचा निरोप त्यांना मिळाला होता. मागे घसरगुंडीवरून माणसं पाण्यात धबाधब पडत होती.

"त्या गड्यालाच आत घ्या. दुसरं कोण असणार?"

तिकडं तात्यांच्या भावानं गड्याच्या मळ्यातल्या खोलीला कुलूप ठोकलं. बायको, दोन पोरं आणि भांडी बांधावर. गुन्हा कुणावर सिद्ध व्हायचा होता, शिक्षा आधीच सुरू.

गडी जबाबात एकच सांगत होता, "मी सुप्याला लग्नाला गेलतो." खात्री केली. लग्नाच्या फोटोंत तो होता. संध्याकाळी पुन्हा कॉल. "कबूल झाला का?"

"तात्या, त्याला सुप्याला कुणी पाठवलं?"

"मीच. भाच्याचा आहेर द्यायला. पण साथीदार असतील की. जरा हिसका दाखवा. चला, आमची जेवणाची वेळ झाली."

मी फोन ठेवला आणि शेजारच्या मळ्यातल्या आजींकडे गेलो.

"चोरी? कुठली चोरी?" त्या म्हणाल्या. "दिवसाउजेडी तोडणी चालली व्हती. बायामाणसं, क्रेट, दोन पिकअप. मीच च्या पाजला त्यास्नी."

"माणसं कुणी आणली होती?"

"त्यो न्हाय का, चौकातल्या बोर्डावरचा. तात्यांच्या बोटीखाली फोटो हाय बघा त्येचा. म्हणला, तात्या सांगून गेल्यात. मग आमी कशाला इचारतोय?"

चौकात भला मोठा फ्लेक्स होता. वर जहाज, जहाजाएवढे तात्या, 'समुद्रसफरीस हार्दिक शुभेच्छा', जाण्यायेण्याच्या तारखा, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आजींनी दाखवलेला चेहरा डाळिंबाच्या एका दलालाचा होता. बारामतीत ताब्यात घेतला त्याला. कबूल व्हायला फार वेळ लागला नाही.

"साहेब, तात्यांनीच फोटो पसंत केलता माझा," तो म्हणाला. "बोटीवर फोन लागत न्हाय, हे बी तेच सगळ्यास्नी सांगत व्हते. गावात मला कुणी अडवलंच न्हाय."

सगळ्या गावादेखत बाग गेली. ओळखीचा चेहरा म्हणून दलालाला चहा आणि तक्रार द्यायला आला म्हणून गड्याला कोठडीची धमकी. याला आपण माणसांची पारख म्हणतो!

तात्या परतले, ठाण्यात आले. गडी बायकोपोरांसह बाहेर बसला होता. तात्या त्याला म्हणाले, "चल, गाडीत बस. झालं ते झालं."

"तात्या, आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"ह्यानं न्हाय केलं, एवढंच. भावाम्होरं म्हणा."

तात्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि गाडीकडे गेले. गडी बायकोपोरांना घेऊन एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

मुद्देमाल निम्मा मिळाला, आरोपपत्र गेलं, प्रकरण निकाली निघालं. चोराकडून कबुली घ्यायला आमच्याकडे कायदा होता, पद्धत होती. तात्यांच्या तोंडून ते एक वाक्य वदवून घ्यायला एकही कलम नव्हतं.