शेजाऱ्याचं आठ फूट गवत

शेजारी गावाला गेलेले असताना मी त्यांच्या हिरवळीचा आठ फूट रुंदीचा पट्टा औषध मारून जाळला. चुकून, पण अतिशय मन लावून.

श्रूजबरीत घर घेऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि आपण आता अमेरिकेत रुळलो, असा माझा समज होता. घराबरोबर मिळालेल्या हिरवळीत गवतापेक्षा तणच जास्त. ऑफिसात कुणीतरी सांगितलं, थंड हवेचं गवत ऑगस्टच्या अखेरीला पेरायचं आणि त्याआधी जुनं सगळं मारून टाकायचं. त्यातलं 'सगळं मारून टाकायचं' एवढं माझ्या नीट लक्षात राहिलं. एका शनिवारी सकाळी पंप पाठीला लावला आणि घरापासून मेपलच्या झाडापर्यंत सगळं फवारून काढलं.

मेपलपर्यंत का? तर इथे दोन घरांच्या मध्ये ना भिंत, ना कुंपण, ना तार. मी वाढलो तिथे माणूस घराच्या आधी कंपाउंड बांधतो. एवढं मोठं झाड उगाच मध्येच उभं असेल का? ते हद्दीवरच असणार, असं मी ठरवून टाकलं. जागेचा नकाशा कपाटात होता. पण तो काढून बघायचा म्हणजे स्वतःच्या अंदाजाचा अपमान.

दहा दिवसांनी सगळं कसं छान पिवळं पडलं. मी खिडकीतून समाधानाने बघत होतो, तेवढ्यात मागच्या अंगणातून बायकोची हाक आली.

"अहो, जरा बाहेर या. लायलॅकच्या झुडपात हा दगड कसला?"

ग्रॅनाइटचा चौकोनी खुंटा होता तो. जमिनीत पक्का रोवलेला, माथ्यावर फुली कोरलेला. मेपलपासून आठ फूट आत, आमच्या बाजूला. मी कपाटातून नकाशा काढला. नकाशातही हद्दीचा खुंटा अगदी तिथेच दाखवला होता.

"म्हणजे हे पिवळं आपलं," बायको म्हणाली, "आणि ते पिवळं त्यांचं."

हद्दीचं भांडण मी घरातच पाहिलं होतं. माझे वडील आणि चुलते यांच्यात अर्ध्या हाताच्या बांधावरून असं बिनसलं, की पुढे एका घरातल्या लग्नाला दुसरं घर कधी आलं नाही. अर्धा हात! मी तर आठ फूट कोरले होते, तेही माणूस घरी नसताना.

शेजारी निवृत्त सुतार होते. पंचाहत्तरीचे, उंच, कमी बोलणारे. घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी न विचारता आमचा सोफा दारातून आत घेऊन दिला होता. या गावात आम्हाला 'आपलं' म्हणावं असं तेवढंच एक दार. ते आता माझ्या हाताने बंद होणार होतं.

तळ्याकाठची सुट्टी संपवून ते परत आले, त्या संध्याकाळी बायकोने माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. "रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि कारणं सांगत बसू नका. चूक झाली म्हणा, पुरे."

मी 'चूक झाली' म्हणालो. मग कारणंही सांगितली. कंपाउंड, मेपल, ऑफिस, सगळी. आजोबा माझ्याबरोबर बाहेर आले आणि त्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग वळून म्हणाले, "घर नाही ना फवारलंस?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"जूनमध्ये माझ्या नातीचं लग्न आहे. याच हिरवळीवर. पाद्री इथे उभा राहणार." आणि त्यांनी बुटाचं टोक बरोबर पिवळ्या पट्ट्याच्या मध्यावर टेकवलं.

मी म्हणालो, "मी उगवून देतो."

"ते तर झालंच. मारलंस तू, तर उगवणारही तूच." आणि लाडवांचा डबा घेऊन आत गेले. डबा घेतला, एवढ्यावर मी त्या दिवशी झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत जाऊन बियांची एक मोठी पिशवी आणली. पिशवीवर बाळ रांगावं अशा मऊशार हिरवळीचा फोटो, खाली 'सात दिवसांत हिरवेगार'. आजोबांना अभिमानाने दाखवली. त्यांनी फोटोकडे बघितलंही नाही. पिशवी उलटी केली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"हे सगळं एक वर्षाचं रायग्रास आहे. पाहुणं. पटकन येतं, आणि हिवाळ्यात मरतं. लग्न जूनमध्ये आहे, ऑक्टोबरात हॅलोवीनला नाही." मग त्यांनी विचारलं, "तू कामाला काय करतोस म्हणालास?"

मी वूस्टरच्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. बाटलीवर लिहिलंय तेच बाटलीत आहे का, हे तपासायचं, हेच माझं काम. मी ते जरा पुटपुटतच सांगितलं.

दुपारी ते मला घोड्यांचा खुराक आणि बियाणं विकणाऱ्या एका जुन्या दुकानात घेऊन निघाले. निघताना बायको म्हणाली, "ब्लाउजपीस घ्यायला जाताना साडी बरोबर नेतो ना? मग त्यांचं गवत न्या."

"आता उरलेलंही उपटू?"

"चिमूटभर, अहो!"

नेली चिमूट, सँडविचच्या पिशवीत घालून. दुकानातल्या बाईंनी एक पातं नखावर आडवं धरलं आणि मला टोक दाखवलं. नावेच्या पुढच्या टोकासारखं वळलेलं. हे केंटकी ब्लूग्रास, म्हणाल्या. दुसरं पातं सुईसारखं बारीक. हे फेस्क्यू, झाडाच्या सावलीत तगणारं. मॅचिंग जमलं. उन्हाच्या भागाला मुख्यतः ब्लूग्रास, मेपलखाली फेस्क्यू, आणि बाकीचं उगवेपर्यंत माती धरून ठेवायला मूठभर रायग्रास, पण कायम टिकणारं.

"रायग्रास थोडं जास्त घालू या का?" मी विचारलं. "लवकर दिसेल."

"कुणाला?" आजोबा म्हणाले.

पेरलं. वर हलकं दाताळं फिरवलं, पेंढा पसरला. रोज ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर पाणी. आठवड्याने रायग्रासची तुरळक लव आली. ब्लूग्रासचा पत्ता नाही. दोन आठवडे झाले, तरी नाही. मी ऑफिसचे कपडे घालून गुडघ्यांवर बसून माती बघायचो.

"नवरात्रातला घट नऊ दिवसांत वीतभर येतो," मी कुरकुरलो.

"घटाला कुणी रोज उकरून बघत नाही," बायको म्हणाली.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. त्या सप्टेंबरात पाऊस नाही, ऊन कडक, आणि तरी मी संध्याकाळी घरी आलो की माती ओलसरच. मी ते माझ्या सकाळच्या पाण्याचं कौशल्य मानलं. प्रयोगशाळेत दोघांना पद्धतही समजावून सांगितली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ब्लूग्रास दिसलं, केसाइतकं बारीक. मी आजोबांना हाका मारत बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, "हं" म्हणाले आणि निघून गेले.

पुढे बर्फ पडलं आणि चार महिने सगळं झाकलेलं राहिलं. मार्चमध्ये बर्फ वितळून तो पट्टा उघडा पडला, तर विरळ, मळकट, केस गळालेल्या डोक्यासारखा. मी घाबरलो. तेव्हा कुठे बायकोने सांगितलं.

"मरायचं नाही ते. तुमच्या एकट्याच्या पाण्यावर वाढलंय थोडंच? रोज दुपारी बाराला आजोबा झारी घेऊन यायचे. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. तो मनापासून करतोय, करू दे."

माझ्या वडिलांना आणि चुलत्यांना असा एखादा शेजारी भेटायला हवा होता, एवढंच मनात येत राहिलं. दुपारच्या पाण्याबद्दल मी आजोबांकडे कधी बोललो नाही. गेल्या इतक्या वर्षांत जे काही आभार मानायचे राहून गेले, त्यातले हे पहिले. म्हणून इथे लिहितोय.

एप्रिलमध्ये ब्लूग्रास जमिनीखालून पसरायला लागलं. मेमध्ये जुनं आणि नवं गवत एकमेकांत मिसळलं. जूनमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि आम्हालाही बोलावणं होतं. बायकोने हिरवी पैठणी नेसली होती. पाद्री नेमका तिथेच उभा राहिला. नवरी त्याच्यासमोर येऊन थांबली, सगळे तिच्याकडे बघत होते. मी तिच्या पायांखाली बघत होतो. नवं कुठे सुरू होतं आणि जुनं कुठे संपतं, ते मला शोधूनही सापडेना.

नंतर आजोबा केकची बशी घेऊन माझ्याजवळ आले. गवतावर बूट दोनदा दाबून बघितला. "चांगलं धरलंय," म्हणाले आणि बशी माझ्या हातात दिली. मी बायकोकडे वळलो. म्हटलं, "बघ, हद्द कुठे होती ते आता कुणाला सांगताही यायचं नाही."

तिने माझ्या खांद्यावरून आमच्या अंगणाकडे बघितलं. इकडच्या धांदलीत आमच्या बाजूला मी ती 'सात दिवसांत हिरवेगार'ची पिशवी वाया जाऊ नये म्हणून ओतली होती. ते पाहुणे हिवाळ्यातच गेले होते. आता तिथे नुसती माती होती आणि मधूनमधून डँडेलियनचं तण.

"न सांगता यायला काय झालं?" ती म्हणाली. "गवत संपलं की आपलं घर सुरू."