डब्यातलं हृदय

सरांनी चिमट्यात धरून ते उचललं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं. बकऱ्याचं हृदय. मी आणलेलं. त्यातून लालसर पाणी टेबलावर ठिबकलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले.

"महाधमनी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

मला वाटलं, प्रश्न वर्गाला आहे. मी हात वर केला. उत्तर येत होतं मला. अलिंद, निलय, झडपा, सगळ्यांना नावं देऊन आकृती घरी काढून आणली होती.

"तुलाच विचारतोय. नळ्या कुठे गेल्या सगळ्या? आणि हे मधोमध चिरलं कुणी?"

मी म्हणाले, "अब्बांनी साफ करून दिलं, सर."

सर वर्गाकडे वळले. "बघा! शाळेसाठी मागवलं, तर यांनी कालवणाला करतात तसं करून पाठवलं. कसायाच्या घरचं ते. त्यांना खायचं तेवढं कळतं."

वर्ग हसला. मीही हसले. सगळे हसत असताना आपण एकटीनं गप्प राहायचं नसतं, एवढंच त्या वयात कळत होतं. ते हसू मला आज आठवलं तरी तोंड कडू होतं.

तेव्हा मी आठवीत होते. बोदवडला आमचं मटणाचं दुकान होतं. उर्दू शाळा लांब, म्हणून अब्बांनी मला जवळच्या मराठी शाळेत घातलं होतं. आदल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "उद्या हृदयाचा धडा. खरं हृदय कोण आणेल?" मग त्यांचं बोट माझ्याकडे आलं. "तू आण. तुझ्या घरी तर रोजच असतं."

खरं सांगते, मला आनंद झाला होता. वर्गात माझ्याकडे काहीतरी मागितलं जाण्याची ती पहिली वेळ होती. घरापर्यंत मी पळत गेले.

अब्बा माझ्यापेक्षा खूश. सकाळी पहिल्या बकऱ्याचं हृदय त्यांनी बाजूला काढलं. "इस्कूल का काम है. एकदम साफ देता." चांगल्या गिऱ्हाइकाला देतात तसं त्यांनी ते केलं. वरच्या नळ्या छाटल्या, चरबी काढली, मधोमध चीर देऊन आतलं गोठलेलं रक्त धुतलं. शिजवायला तसंच लागतं. शिकवायला नेमकं उलटं लागतं. न चिरलेलं, नळ्यांसकट. हे सरांनी मला सांगितलं नव्हतं. मी अब्बांना काय सांगणार? मग अम्मीनं स्टीलचा डबा काढला. तिच्या लग्नातला, अब्बांचं नाव कोरलेला. घरातला सगळ्यात चांगला.

धडा सरांनी तक्त्यावरच घेतला. संपल्यावर म्हणाले, "टेबल पुसून घे. फिनेल टाक. आणि हात इथल्या बेसिनला नको, बाहेरच्या नळावर धू."

मधल्या सुट्टीत शेजारची मैत्रीण आपला डबा घेऊन सरकली.

"तुझा डबा तोच का गं?"

"नाही. हा वेगळा आहे."

"घरी एकाच ठिकाणी घासता ना पण?"

मी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "क्या बोले सर? पसंद आया?"

मी म्हटलं, "हो."

"बोल उनको, और लगे तो और देंगे."

मी मान डोलावली आणि आत गेले. साबणानं हात धुतले, मग लिंबू चोळलं, मग परत वास घेऊन पाहिला. शाळेपुढे मला अब्बांची लाज वाटत होती आणि अब्बांपुढे शाळेची. दोन्हींत मोठी कुठली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अब्बा आता नाहीत. त्यांनी एवढं साफ करून दिलेल्या हृदयावर वर्ग हसला होता, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पुढच्या वर्षी, मी नववीत असताना, नव्या आठवीसाठी सरांनी पुन्हा मागवलं. मी अब्बांना म्हटलं, चिरू नका, नळ्या ठेवा. त्यांनी ठेवल्या. मग सर म्हणाले, "छान. आता कापून दाखव." कापलं मी. छडीनं दाखवत बोलले ते. बाहेरचा नळ मात्र तोच राहिला.

मी विज्ञान घेऊन शिकले. बी.एस्सी., बी.एड. केलं. धुळ्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. केस पांढरे झाले याच शाळेत. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आहे. तिथे आम्लाच्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आहे, परीक्षानळ्या मापाप्रमाणे लावलेल्या आहेत, भिंगं कापडात गुंडाळलेली आहेत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी यादी करते आणि यादीतली वस्तू मिळाली की टिक करते. कुणाला काही सापडत नसेल तर मला विचारतात. हे सगळं मी कमावलं.

हृदयाचा धडा आला की कमावलेलं सगळं बाजूला राहायचं.

"मॅडम, ते हृदयाचं तुम्ही बघा हं. तुम्हाला जमतं."

मी बघत होते. सकाळी दुकानातून आणायचं, माझ्या तुकडीला दाखवायचं, मग दुसऱ्या तुकड्यांसाठीही कापून द्यायचं. तिथल्या शिक्षिका दारात उभ्या राहून शिकवायच्या. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असत. ईदला शीरखुर्मा नेला की एक बाई हसत हसत विचारायच्या, "दूध वेगळ्या भांड्यात उकळलंय ना?" मीही हसत म्हणायची, "हो, हो." आठवीतलंच हसू. मी खाटकाची मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. मीही नाही. उपयोगी पडत राहिलं की माणूस आपल्यात घेतो, असं मी धरून चालले होते.

यंदा जुलैत शिपाई नाना दारात आले. "मॅडम, मोठा सर बलावतस."

"काय काम शे, नाना?"

"मले काय माहीत. त्या बाई बी बठेल शेतस."

तिथे येऊन बसलेल्या त्या बाई म्हणजे शीरखुर्म्याच्या दुधाची चौकशी करणाऱ्याच. आठवीच्या दुसऱ्या एका तुकडीला त्या विज्ञान शिकवतात.

मुख्याध्यापक म्हणाले, "तालुक्यातले विज्ञान शिक्षक आपल्याकडे येणार आहेत. आठवीचा आदर्श पाठ. विषय हृदय. पाठ बाई घेतील, त्यांचं मराठी छान आहे. तुम्ही तेवढी कापाकापी बघा."

पहिलीपासून मी मराठीत शिकले आहे. मराठीतच शिकवते. मी म्हटलं, "बरं." माझा हात यादी लिहू लागलासुद्धा. ट्रे. ब्लेड. हातमोजे. फिनेल. अपमान ऐकतानाही माझा हात काम करत होता, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाई म्हणाल्या, "आणि यंदा तुम्हाला सकाळची धावपळ नको. आठवीत ती रुखसार आहे ना, खाटकाची? तिला सांगा. तिच्या घरी तर रोजच असतं."

तेच वाक्य. जसंच्या तसं.

"तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलीच आहे."

रुखसार माझ्या तुकडीत आहे. आदल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "मॅडम, हृदयाच्या दोन बाजू चिकटून आहेत, तर रक्त एकमेकांत मिसळत कसं नाही?" मी म्हटलं होतं, खरं हृदय कापू तेव्हा तूच बघ.

मला दिसलं पुढचं सगळं. मी सांगितलं तर तिला आनंद होईल. ती पळत घरी जाईल. तिचे वडील चांगल्यातलं चांगलं देतील. आणि पाहुण्यांनी भरलेल्या वर्गात ती तिचा डबा घेऊन उभी राहील. यावेळी तो डबा मागवणारी मी असेन.

मी पेनाला टोपण लावलं.

"मी तिला सांगणार नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो मॅडम, एवढीशी गोष्ट."

"एवढीशी असेल तर तुम्ही आणा, सर. दुकान तुमच्या घराच्या रस्त्यावरच आहे. फक्त सांगायचं, चिरू नका, नळ्या ठेवा."

बाई हसल्या. "इश्श! आम्हाला कुठे सवय आहे?"

"मलाही नव्हती, बाई. आठवीत लावली."

"तुम्ही उगाच जातीवर नेताय," मुख्याध्यापक म्हणाले.

"खाटकाची हा शब्द मी काढला नाही, सर. पण निघालाच आहे तर ऐका. मीही खाटकाची मुलगी आहे. तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच दरवर्षी मला सांगता. यापुढे हृदय मी आणलं तर पाठही मीच घेईन. कापून देणार नाही."

खोलीबाहेर आले तर गाल तापलेले, आणि मी माझ्या हाताचा वास घेत होते. इतक्या वर्षांनी, कोरड्या, स्वच्छ हाताचा. लाज गेली असं मी लिहिणार नाही. ती गेली नाही.

आदर्श पाठ झाला. बाईंनी तक्त्यावर घेतला. माझ्याकडे पाहुण्यांच्या चहा-नाश्त्याचं काम दिलं होतं. एका पाहुण्यानं विचारलं, "खरं हृदय नाही दाखवलं?" मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा उपलब्ध झालं नाही." बाईंची आणि माझी तुकडी एकत्र बसवली होती. रुखसारनं हात वर केला. बाई म्हणाल्या, "शेवटी विचार." शेवटी टाळ्या झाल्या आणि सगळे पोह्यांकडे वळले.

पुढच्या आठवड्यात मी हृदय विकत आणलं. माझ्या तुकडीसाठी, माझ्या धड्यासाठी. वर्गाला आधीच सांगितलं, ज्याला हात लावायचा नसेल त्यानं आकृती काढावी. नाकाला रुमाल मात्र कुणी लावायचा नाही. मग एकेकानं पुढे यायचं, बोटानं झडप उचलून पाहायची. रुखसारनं दोन निलयांमधल्या जाड भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणून मिसळत नाही." नंतर सगळ्यांनी हात धुतले. आतल्या बेसिनला. बाहेरच्या नळाकडे मी एकालाही जाऊ दिलं नाही.

आता प्रयोगशाळेच्या खरेदीची यादी करायची वेळ आहे. ती मीच करते. लिटमस, चंचुपात्रं, स्पिरिट. आणि यंदा प्रथमच, बकऱ्याची हृदयं, न चिरलेली, नळ्यांसह, प्रत्येक तुकडीला एक. मुख्याध्यापकांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. "मॅडम, शाळेच्या खरेदीत मटण?" मी यादी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिली, त्या ओळीसकट. परत आली. पुन्हा लिहिली. काल परत आली आहे.

आज लिहीन. पुढच्या वर्षीही लिहीन. शाळेला हृदय शिकवायचं असेल तर शाळेनं ते दुकानातून आणावं, आम्ल आणतात तसं. माझ्या वर्गात ते कुठल्याही मुलीच्या घरच्या डब्यातून येणार नाही.