डाळ न शिजणारं पाणी

अकोल्याहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर आहे आणि त्यावाचून इथं कोणाचं काही अडत नाही. अडलं ते एकट्या देवमनचं. घरचा झेंडू-शेवंतीचा मळा, बाजारात हारांचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत काचेच्या चार फुटी टाकीत समुद्राचे मासे आणि जिवंत पोवळी. मी शेजारचा शिंपी. मे महिन्यात आम्ही घामानं निथळतो आणि त्याच्या माशांना कूलर असतो, हे मला अजून पटलेलं नाही. पण टाकीतले दिवे लागले, पोवळी उमलायला लागली, की मी मशीन थांबवून बघत बसतो, हेही खरं.

नवशिके त्याच्याकडे पुष्कळ येतात. सल्ल्याची आमच्याकडे कधीच टंचाई नसते. जन्मात गप्पी मासा न पाळलेला माणूसही पोवळ्यांवर तासभर बोलतो. म्हणून देवमन प्रत्येकाला आधी विचारतो, "सांगणाऱ्याची टाकी पाह्यली काय? किती वर्साची हाय?" मग स्वतःची चूक सांगतो. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी आयतंच खारं, म्हणून पहिल्यांदा त्यानं तेच टाकीत भरलं होतं. सकाळी सोडलेले दोन मासे दुपारी उताणे झाले.

गेल्या श्रावणात दर्यापूरकडच्या भावनाताई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून त्यांनी वर्गातच टाकी मांडली होती. नारिंगी माशांची जोडी दुसऱ्या दिवशी मुंबईहून यायची होती. मुलांनी नावंसुद्धा ठेवून टाकली होती. टाकीत पाणी विहिरीचं.

"शेखरभाऊ म्हणाले, आपलं पाणी खारंच हाय, मीठ इकत कायले आणता?" शेखरभाऊ म्हणजे त्यांचे दीर.

"त्यायची टाकी हाय?"

"नाही. मोटारपंप दुरुस्त करतात."

"ताई, तुमच्या त्या पाण्यात तुरीची दाळ शिजते?"

"नाही शिजत."

"मंग मासा कसा जगन?"

"समुद्राच्या पाण्यात तरी दाळ कुठं शिजते, देवमनभाऊ?"

देवमनचा डाव त्याच्यावरच उलटला. मला भलताच आनंद झाला. मग तो स्वतःच खो खो हसला आणि खारटपणा पाहायची छोटी दुर्बीण घेऊन आला. त्यांनी आणलेल्या बाटलीतला एक थेंब, त्याच्या टाकीतला एक थेंब. "माह्यावर भरवसा नका ठेवू. डोळ्यानं पाहा." टाकीचं पाणी पस्तीसवर, विहिरीचं चारवर.

पाणी बदलायचं, समुद्री मीठ घालायचं आणि नव्या पाण्यात तयार होणारं विष जिरेपर्यंत टाकी लोणच्यासारखी मुरू द्यायची, असं ठरलं. तोवर मासे देवमनकडे.

"पण पोरायले काय सांगू?"

"सांगा, पाव्हणे अकोल्यात मुक्कामी हायेत."

सहा आठवडे भावनाताई दर शनिवारी पाणी तपासून आकडे कळवत होत्या. सातव्या आठवड्यात त्या मासे न्यायला आल्या तेव्हा देवमननं जोडी पिशवीत भरून ठेवली होती. त्यांनी सकाळच्या तपासणीचा फोटो दाखवला. विषाची खूण असलेला गुलाबी रंग अजून पुसट दिसत होता.

"एवढं चालते," देवमन म्हणाला. "पोरं वाट पाहून राहिले."

"नाही चालत. तुमीच सांगतलं होतं, रंग पार गेला पायजे. आठ दिवस थांबतो आमी."

देवमननं पिशवी सोडून मासे परत टाकीत घातले. त्या गेल्यावर दिवसभर तो येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत होता, जणू त्याचीच पोरगी पहिली आली होती.

आठ दिवसांनी, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, फुलांचा बाजार बायकोच्या, शकुनवहिनींच्या, हवाली करून तो स्वतः मासे घेऊन निघाला. डबा धरायला मी. वर्गात चाळीस मुलं श्वास रोखून बसली होती. जोडी पाण्यात सुटली, एकदा कोपऱ्यात दडली, आणि मग ऐटीत बाहेर आली. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

गलका शांत झाल्यावर देवमननं घसा खाकरला. "हं, आता खायले किती घालाचं, ते सांगतो."

पहिल्या बाकावरची आकांक्षा उभी राहिली. "काका, तुमची टाकी किती वर्साची हाय?"

देवमन साहेबापुढं उभं राहावं तसा सरळ झाला. "सात. अन् पयले दोन मासे माह्या हातानं मेले."

आकांक्षानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनं मान डोलावली.

"मंग सांगा," ती म्हणाली आणि खाली बसली.